जिवंत पाणी, कोरडं भांडं

वाशीम जिल्ह्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. वाशीम तालुक्यातल्या काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे उतरते आणि पूर्णा-तापीवाटे अरबी समुद्राला मिळते. अडाण आणि अरुणावतीचं पाणी पैनगंगेत जातं, पैनगंगेचं वर्धेत, आणि ते शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचतं. पाणलोटाचा माथा ज्यांच्या वाट्याला येतो त्यांच्याकडे नद्या जन्मतात, भरून वाहतात त्या दुसऱ्यांकडे. दिवाळीनंतर ओढ्यांची धार तुटते, डोह उरतात. होळीपर्यंत डोहांची डबकी होतात. मग टँकर, अधिग्रहित विहिरी आणि कितीतरी दिवसांनी एकदा येणारा नळ. जिथं पाणी थांबत नाही तिथं माणसाला ते साठवावं लागतं: रांजणात, ड्रममध्ये, सिमेंटच्या टाक्यात, गच्चीवरच्या काळ्या टाकीत.

या सगळ्या पाण्यात आणि त्याच्या आसपासच्या काळ्या मातीत राहणाऱ्या बारक्या जिवांबद्दल हे पुस्तक आहे. डास, वाळूमाशी, गोचीड, पिसू, माइट, सायक्लोप्स. यातल्या बहुतेकांना पाहायला डोळे बारीक करावे लागतात, आणि काहींना भिंग लागतं. ते माणसाच्या तब्येतीत केवढी ढवळाढवळ करतात, हे ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात वऱ्हाडातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत तासभर बसलं तरी कळतं. रोगांची माहिती देणारी पत्रकं गावोगाव पोचतात, औषध कोणतं आणि किती फवारायचं याचे तक्तेही पोचतात. मधली गोष्ट मात्र राहून जाते. हे जीव राहतात कुठे, खातात काय, त्यांना खातं कोण, आणि एखाद्या वर्षी ते माजतात तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: पाणी एक तर जिवंत असावं, नाहीतर नसावं. डासाचं राज्य या दोहोंच्या मधल्या पाण्यावर चालतं.

याचं कारण वेळेत आहे. जूनमध्ये नव्या खड्ड्यात पाणी साचलं की डासाची मादी काही दिवसांतच तिथे अंडी घालते आणि उन्हापावसाच्या त्या दिवसांत आठ-दहा दिवसांत नवे डास उडून जातात. त्यांना खाणारे पाणकिडे, चतुर आणि टाचण्या त्याच पाण्यावर येतात, पण जरा उशिरा, आणि त्यांची वाढ सावकाश होते. चतुराच्या पिल्लाला पाण्यातून बाहेर पडायला कित्येक आठवडे, काही जातींत महिने लागतात. म्हणून दीड-दोन महिने टिकलेल्या, कडेला गवत आलेल्या डबक्यात डासांच्या अळ्या शोधाव्या लागतात, आणि चार दिवसांपूर्वी भरलेल्या चाकोरीत त्या वळवळताना दिसतात. आता त्या जुन्या डबक्यावर कीटकनाशक मारलं तर काय होतं? खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघेही मरतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. परत पहिला येतो तो डासच.

हे शहाणपण आपल्याला महागात मिळालेलं आहे. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. पुढच्या काही वर्षांत, मुंबईत प्लेगनं थैमान घातलेलं असताना, परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ग्लेन लिस्टन उंदरांच्या पिसवांचा माग काढत होते. रोग कोण पोचवतं हे कळल्यावर पोचवणाऱ्याला मारायचं, हा विचार साहजिक होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या रूपानं त्याला हत्यारही मिळालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घराघरांच्या भिंती फवारल्या गेल्या आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखभरावर आली. हे यश खरं होतं; त्या फवारणीनं वाचवलेले जीव मोजण्यापलीकडचे आहेत. पण १९७६ साली हाच आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. कारणं अनेक होती. पैसा आटला, देखरेख सैल पडली. आणि ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास, अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस, डीडीटीला दाद देईनासा झाला होता.

या डासाला प्रतिकारशक्ती शिकवण्यात शेतीचाही हात आहे, हे आपल्या कापूसपट्ट्यात विसरून चालणार नाही. पिकावर मारलेलं औषध शेवटी बांधालगतच्या नाल्यात उतरतं आणि तिथली अळी ते पचवायला शिकते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विषाचा हिशेब किडीपाशी संपत नाही, हे सांगायला याहून कडू दाखला नको.

पुस्तकाची मांडणी रोगांनुसार केलेली नाही, जागांनुसार केली आहे. या जिवांच्या बाबतीत जागा हीच खरी ओळख आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं गिमवी गाव याचं टोकाचं उदाहरण. मूत्रमार्गातल्या शिस्टोसोमा कृमीचा रोग आफ्रिकेत कोट्यवधींना होतो. भारतात त्याचं ठाण म्हणून १९५२ साली नोंदलं गेलं ते हे एक गाव, कारण तिथल्या पाण्यात त्या कृमीला आसरा देणारी एक चिमुकली गोगलगाय होती. गावागावांत फरक असतो तो असा. म्हणून पुस्तकाचे चार भाग आहेत: साठवलेलं पाणी, सांडपाणी, उघड्यावरचं पाणी, आणि माती-गोठा.

पहिला भाग सर्वांत मोठा आहे, कारण आपली अडचण तिथे सर्वांत मोठी आहे. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या रांजणाचं झाकण उचलून टॉर्चचा झोत पाण्यावर टाका. हात हलला की अळ्या तळाकडे पळतात. जरा थांबलं की एकेक वर येते आणि शेपटाकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली करून लटकते. नळी आखूड आणि जाड असेल, अळीची चाल नागमोडी असेल, तर ती बहुधा एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाची. नळी लांबट आणि बारीक असेल तर क्युलेक्स. आणि लटकण्याऐवजी पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली दिसली तर अ‍ॅनॉफिलिस. एवढं ओळखायला ना सूक्ष्मदर्शक लागतो ना पदवी. सातवीतली मुलं हे दोन दिवसांत शिकतात.

एडिसचं जगणं पूर्णपणे आपल्या भांड्यांवर बेतलेलं आहे. तो दिवसा चावतो, घरातच अंधाऱ्या जागी, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो, आणि त्याची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडूनही महिनोनमहिने जिवंत राहतात. जूनमध्ये कूलर बंद करून, पाणी उपसून, वाळ्याच्या ताट्यांसकट तो माळ्यावर टाकला आणि पुढच्या एप्रिलमध्ये न घासता भरला, तर गेल्या वर्षीची पिढी यंदा उठू शकते. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं त्यामागचा हिशेब अंड्यापासून डास होण्याच्या आठ-दहा दिवसांचा आहे. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. भांड्याची भिंत काथ्यानं घासली पाहिजे, पुसून उन्हात पालथी घातली पाहिजे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली, आणि त्यानंतर तीन दशकं हा आजार देशातून गेल्यासारखाच होता. २००६ साली तो परतला तेव्हा महाराष्ट्रात घरंच्या घरं सांधे धरून बसली. विषाणू परत आला, पण त्याला नेऊन पोचवणारा डास कुठेच गेलेला नव्हता. दरम्यानच्या तीस वर्षांत आपण त्याच्यासाठी प्लास्टिकचे ड्रम, टायर, कूलर आणि गच्चीवरच्या टाक्या तेवढ्या वाढवल्या होत्या.

रांजणात निसर्गाचा पहारा नसतो, कारण तिथे बाहेरून कोणी येऊच शकत नाही. पहारेकरी आपणच नेऊन ठेवला तर? व्हिएतनाममध्ये हे करून दाखवलं गेलं आहे. तिथल्या वू सिन्ह नाम आणि ऑस्ट्रेलियाच्या ब्रायन के यांनी १९९० च्या दशकात मेसोसायक्लोप्स नावाचा, टाचणीच्या टोकाएवढा पाणजीव गावकऱ्यांच्या हौदांत आणि विहिरींत सोडला. तो एडिसच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या खातो. पाठोपाठ टाकाऊ भांडी गोळा केली गेली आणि गावंच्या गावं एडिसमुक्त झाली.

ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी उचलण्याआधी मात्र थांबावं लागतं. याच सायक्लोप्सच्या पोटातून महाराष्ट्रात नारू येत असे. पायऱ्यांच्या विहिरीतलं न गाळलेलं पाणी प्यायलं की बाधित सायक्लोप्स पोटात जाई आणि साधारण वर्षभरानं पायावर फोड उठून हातभर लांब दोऱ्यासारखी कृमी बाहेर पडू लागे. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घाली, कृमी तिथे हजारो पिल्लं सोडी, सायक्लोप्स ती खाई, आणि फेरा पुरा होई. नारूवर ना औषध निघालं ना लस. १९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालला तो पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, पायविहिरी बंद करा किंवा त्यांना कठडे घाला, हातपंप बसवा आणि विहिरीत टेमीफॉस टाका या चार गोष्टींवर. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. सायक्लोप्स आजही आपल्या विहिरींत आहे. गेला तो रोग.

या जिल्ह्यात कारंजा आणि शिरपूर ही जैनांची जुनी ठाणी आहेत. पाणी गाळून पिण्याची त्यांची रीत सर्वांना माहीत असते. तिचा दुसरा अर्धा भाग कमी जणांना ठाऊक असतो. गाळल्यावर फडक्यात उरलेले जीव फेकून द्यायचे नसतात. फडकं उलटं करून, वर पाणी ओतून, ते ज्या विहिरीचे त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. या क्रियेला जीवाणी म्हणतात. रीत अहिंसेपोटी आली, आरोग्यापोटी नव्हे. पण परिसंस्थेच्या दृष्टीनं पाहिलं तर ती नेमकी आहे: प्राणी त्याच्या जागी राहतो, माणसाच्या पोटात जाण्याची वाट तेवढी बंद होते. जे करायचं ते प्राण्याला संपवून करायचं की दुवा तोडून, असा प्रश्न या पुस्तकात वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा दुसरा मार्ग स्वस्त आणि टिकाऊ ठरलेला दिसतो.

दुसरा भाग सांडपाण्याचा. गावातली उघडी नाली हे क्युलेक्सचं माहेर. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुधा हाच, आणि पूर्व विदर्भात हत्तीरोग पसरवतो तोही हाच. या बाबतीत धडा घ्यायला लांब जायला नको. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे खोदून नाल्याच मोडीत काढल्या. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध वरच्या अंगाला भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. सांडपाणी टाकीत पडतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी भोकांतून जमिनीत मुरतं. डास कमी झाले आणि हा प्रकार नांदेड पॅटर्न म्हणून महाराष्ट्रभर गेला. आपल्याकडे तो उतरवताना जमीन पाहावी लागते. भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी सोडत नाही. खड्डा मुरमापर्यंत गेला तरच चालतो. मातीतच थांबला तर दोन पावसाळ्यांत तुंबतो आणि झाकलेला डासखाना तयार होतो.

जिथे नाली राहणारच तिथे गप्पी मासा कामाचा आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा घाण पाणी सोसतो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि दिवसाला ८०-१०० अळ्या फस्त करतो. त्याची जागा नाली आणि हौद. नदीत, तळ्यात तो सोडू नये. १९२८ साली भारतात आणलेल्या गॅम्बुसिया माशाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तो डासाच्या अळ्यांइतक्याच आवडीनं आपल्या माशांची अंडी आणि पिल्लंही खातो. पाहुण्याला पहाऱ्यावर ठेवताना घरच्या पहारेकऱ्याला त्यानं खाऊ नये, एवढं बघायला हवं.

घरचे पहारेकरी तिसऱ्या भागात भेटतात. पांढऱ्या परातीत डोहाच्या काठचं पाणी आणि थोडा गाळ घ्या, गाळ बसू द्या. काही वेळानं तळाशी एक मळकट, सहा पायांचा, चपटा जीव हलताना दिसेल. चतुराचं पिल्लू. त्याच्यासमोर डासाची अळी सोडली तर ते जागचं हलत नाही. अळी टप्प्यात आली की तोंडाखाली घडी घालून ठेवलेला खालचा ओठ झपकन पुढे फेकला जातो, टोकाचे दोन आकडे अळीला धरतात आणि ओठ पुन्हा मिटतो. डोळा लवण्याआधी हे घडून जातं. त्याच परातीत पाठीवर उताणे पोहणारे पाणकिडे असतील. ते अळीला सोंड खुपसून शोषून घेतात, आणि काही जातींच्या डासमाद्या तर त्यांचा वास लागला की त्या पाण्यात अंडी घालायचंच टाळतात. रासबोरा, डॅनिओ अशा बारक्या गावठी माशांची कामगिरी वेगळी सांगायला नको.

धार तुटल्यावर उरलेली स्वच्छ, उन्हातली डबकी क्युलिसिफेसिसला आवडतात. डोह खोल आणि मासे टिकण्याइतका जिता राहिला तर हिवतापाचा डास तिथे फार वाढत नाही. वाळूउपसा होऊन त्याची दहा उथळ डबकी झाली तर वाढतो. २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून झालेल्या तळ्यांनाही हाच नियम लागू होतो. मासे सोडलेलं, काठ स्वच्छ असलेलं शेततळं निर्धोक. तळाशी वीतभर पाणी आणि फाटका कागद उरलेलं शेततळं म्हणजे भला मोठा रांजण.

चौथा भाग मातीचा आणि गोठ्याचा आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. उंदीर, घुशी आणि त्यांच्या अंगावरचे जीव तिथे राहतात. स्क्रब टायफस पसरवणाऱ्या माइटचं पिल्लू मोहरीहूनही बारीक असतं. पावसाळ्यानंतरच्या गवतात ते माणसाच्या अंगावर चढतं आणि चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. २०१८ साली विदर्भात याचे बरेच रुग्ण आढळले. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेल्या विषाणूला त्या गावाचंच नाव मिळालं. तो लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो आणि पसरतो वाळूमाशीतून. ही माशी उंच उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारते, आणि वाढते मातीच्या भिंतींच्या भेगांत व शेणाच्या ओलीत. भेगा लिंपणं, उकिरडा घरापासून दूर नेणं, भिंतीवरच्या पालीला न मारणं, हे उपाय आजीबाईचे वाटतील. ते कीटकशास्त्रज्ञांचेही आहेत. गोठ्यातल्या गोचिडांवर कोंबड्या चरतात, म्हशीच्या पाठीवर बगळे-साळुंक्या बसतात, त्या काही उगीच नाही.

काही समजुतींना इथे रजा द्यावी लागली आहे. वटवाघळं आणि पाकोळ्या डास खातात, पण तेच त्यांचं मुख्य अन्न नव्हे; त्यांच्या भरवशावर डेंग्यू थांबत नाही. दारात तुळस असावी, पण डासांसाठी नव्हे. आणि साथ आल्यावर ग्रामपंचायत गल्लीतून धुराचं मशीन फिरवते तेव्हा त्या क्षणी उडणारा डास मरतो. घरातल्या शर्टामागे बसलेला एडिस आणि रांजणातली अळी बहुतेक तशीच राहते. याचा अर्थ रसायनं टाकून द्या असा नाही. साथ भडकली असताना फवारणी लागते, ताप आल्यावर रक्त तपासावंच लागतं, मच्छरदाणीला पर्याय नाही. १९७६ साली इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटात एका आटत्या डबक्यात सापडलेला बीटीआय हा जिवाणू तर मधला पूल आहे: तो अळीच्या आतड्यावर घाव घालतो, मासा आणि चतुर यांना हात लावत नाही.

हे पुस्तक आशाताईंसाठी, आरोग्यसेवकांसाठी, शाळेतल्या विज्ञान शिक्षकांसाठी आणि ग्रामपंचायत सदस्यांसाठी आहे. शेवटच्या दोन गटांनी ते जास्त काळजीनं वाचावं. शिक्षकांनी, कारण परात, टॉर्च आणि भिंग एवढ्यावर वर्गाला एक आख्खी परिसंस्था दाखवता येते. सदस्यांनी, कारण कोरड्या दिवसाची सगळी जबाबदारी आपण आजवर घरातल्या बाईवर टाकत आलो आहोत. डेंग्यू निघाला की तिच्या रांजणात बॅटरी मारून तिला बोल लावला जातो. ज्या बाईनं डोक्यावरून आणलेलं पाणी दहा दिवस पुरवायचं आहे, तिला ते आठव्या दिवशी ओतून द्या म्हणणं सोपं आहे. नळ दोन-तीन दिवसांआड नेमानं आला तर कोणी ड्रम भरून ठेवणार नाही, आणि एडिसची पिढी पुरी होण्याआधी भांडं आपोआप रिकामं होईल. नळाचं वेळापत्रक सुधारण्याइतका मोठा डासनियंत्रणाचा उपाय या पुस्तकात दुसरा नाही, आणि तो ग्रामसभेच्या ठरावानं मागता येतो. बाकीचे उपाय पुढच्या पानांत आहेत. ते करावेतच; पण हा पहिला मागावा.